परदेशी चॉकलेटं चाखताना: ठाणे-नवी मुंबईतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जण चॉकलेट चाखायला बसतो. भावाने मस्कतहून आणलेली एक गच्च पिशवी संपवायला शेजाऱ्यांना बोलावलं होतं, तिथून हे सुरू झालं. मग वाशी-नेरूळपर्यंतच्या ओळखीपाळखीच्यांचे फोन यायला लागले, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत आहेत. एक-दोन ठिकाणी रागाचे शब्द तेवढे गाळलेत.

१. चॉकलेट चाखायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आपण खातो ते वेगळं असतं का?

घाई करायची नाही, एवढंच वेगळं. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा घ्या. तोडताना कान द्या: नीट जमवलेलं चॉकलेट टक्कन तुटतं, उन्हात लोळून आलेलं नुसतं वाकतं. मग नाकाशी धरा, जिभेवर ठेवा, दोनदा चावा आणि सोडून द्या. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बीतली चरबी, साधारण ३४ अंशांला वितळतं आणि तोंड त्याहून जरा गरम असतं, त्यामुळे बाकीचं काम आपोआप होतं. आधी साखर कळते, मागून दूध, मग कोको. गिळल्यानंतर मिनिटभर जे तोंडात रेंगाळतं ते लिहून ठेवा. तुरट, खरपूस, मनुकांसारखं, लाकडासारखं, काहीही चालेल. आमच्याकडे एका काकांनी 'ओल्या गोणपाटासारखं' असं लिहिलं होतं आणि ते अगदी बरोबर होतं.

मिसळ किंवा चहा झाल्यावर पाऊण तास थांबा. दोन तुकड्यांच्या मध्ये कोमट पाणी प्या. गार पाण्याने जिभेवरचं कोको बटर थिजतं आणि पुढची चव झाकली जाते. सोबत बिनमिठाचे कुरमुरे ठेवा. बिस्किटं नकोत, त्यांची साखर मध्ये येते.

२. एका वेळी किती प्रकार चाखावेत?

पाच. सहाव्यापासून सगळं नुसतं गोड लागतं आणि माणसं गप्पांकडे वळतात.

३. आधी डार्क की आधी मिल्क?

यावर लोक वाद घालतात. मी दोन्ही एका बैठकीत घेतच नाही. स्विस मिल्क आणि ८५ टक्क्यांचं डार्क शेजारी ठेवून 'कुठलं चांगलं' विचारणं म्हणजे श्रीखंड आणि कारल्याच्या भाजीची स्पर्धा लावणं. एका रविवारी फक्त मिल्क, पुढच्या वेळी फक्त डार्क. मिसळायचंच असेल तर कमी कोकोकडून जास्त कोकोकडे जा, आणि सारण भरलेलं, काजू-बदामवालं, पुदिन्याचं असं काही असेल तर ते अगदी शेवटी.

४. स्विस, बेल्जियन, ब्रिटिश असं नाव घेतात, पण खरा फरक कशात असतो?

मिल्क चॉकलेटपुरतं सांगायचं तर दुधात. कोको जवळजवळ सगळ्यांचाच पश्चिम आफ्रिकेतला. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. त्यात दूध कसं घालायचं, इथे प्रत्येकाने आपली वाट काढली.

स्वित्झर्लंडमध्ये वेवे गावच्या डॅनिएल पीटरने १८७५ च्या सुमारास मिल्क चॉकलेट जमवलं. अडचण पाण्याची होती. दुधातलं पाणी कोकोच्या चरबीशी जमत नाही. १८७९ मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंटने चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवणारं यंत्र आणलं. घोटण्याने रवाळपणा जातो, आंबट वास उडून जातो. पुरण पाट्यावर दोनदा वाटलं की कसं होतं, तसं. म्हणून चांगलं स्विस चॉकलेट जिभेवर रेशमासारखं पसरतं आणि त्यात ताज्या दुधाची चव राहते.

इंग्रजांनी दूध, साखर आणि कोको एकत्र आटवून, वाळवून त्याचा भुगा करायची पद्धत रूढ केली. आटवताना दूध किंचित करपतं आणि चव खरपूस होते. साताऱ्याचा कंदी पेढा आणि साधा पांढरा पेढा शेजारी ठेवा. ब्रिटिश आणि स्विस चॉकलेटांतला फरक तोच आहे. आमच्या बैठकीत ही उपमा दिली की कुणाला पुढे समजावून सांगावं लागत नाही.

बेल्जियमचं नाव वडीपेक्षा सारणामुळे झालं. ब्रसेल्समध्ये १९१२ साली झां नॉयहाउसने पोकळ कवचात मऊ सारण भरून प्रालीन विकायला काढलं. त्यामुळे बेल्जियन साधी वडी खाऊन 'यात काय एवढं' म्हणू नका, भरलेलं घ्या. इटलीतल्या तुरीनकडे हेझलनट वाटून कोकोत घालतात, त्याला जांदुया म्हणतात. न्यूटेला, फेरेरो रोशे ही त्याच घराण्यातली. अमेरिकेचं प्रकरण स्वतंत्र आहे, ते पुढच्या प्रश्नात.

५. अमेरिकेहून आणलेलं हर्शीचं चॉकलेट आंबूस लागलं. खराब झालं होतं का?

बहुतेक नाही. त्या चवीमागे ब्युटिरिक आम्ल असतं, तेच जे लोण्यात आणि परमेझान चीजमध्ये असतं. आठवडाभर साठवलेल्या सायीचं लोणी कढवताना घरभर जो वास सुटतो, तो आठवा. अमेरिकन माणूस लहानपणापासून हेच खातो. त्याला यात चॉकलेटपणा वाटतो आणि युरोपातल्या माणसाला उलटीची आठवण होते. आमच्याकडे दोन आजींना ते सगळ्यात जास्त आवडलं. दोघींच्या घरी अजून साय साठवतात, हे मी नोंदवून ठेवलंय.

खरंच खराब झालेलं चॉकलेट वेगळं ओळखू येतं. ते खवट लागतं, जुन्या शेंगदाण्यासारखं. ते टाकून द्या.

६. लंडनची डेअरी मिल्क आणि आपली डेअरी मिल्क एकच ना? मग चव वेगळी का?

हा प्रश्न ठाण्यात कुणी विचारला नाही असा महिना जात नाही, आणि साहजिक आहे. आपल्याकडे चौकाचंच नाव कॅडबरी जंक्शन. लहानपणी बस तिथे थांबली की आम्ही खिडकीला नाक लावायचो. माझ्या आजीसाठी जगातलं कुठलंही चॉकलेट म्हणजे 'कॅडबरी' होतं, मग त्यावर नाव काहीही असो.

डेअरी मिल्क इंग्लंडमध्ये १९०५ साली आली, कंपनी भारतात १९४८ मध्ये. नाव एक असलं तरी दोन्हीकडचे कारखाने, दूध, हवामान आणि कायदे वेगळे. ब्रिटिश पाकिटाच्या मागे पाहा: कोको किमान २० टक्के, दूध किमान २० टक्के, आणि कोको बटरखेरीज इतर वनस्पती चरबी आहे असं लिहिलेलं असतं. या चरबीवरून युरोपात जवळपास तीस वर्षं भांडण चाललं. बेल्जियम-फ्रान्सवाले म्हणायचे, हे चॉकलेटच नव्हे. शेवटी ५ टक्क्यांपर्यंत सहा ठरावीक चरबींना परवानगी मिळाली, आणि या सहांच्या यादीत पाम आणि शियाबरोबर साल वृक्षाची बी, आंब्याची कोय आणि चक्क कोकम आहे! सोलकढीच्या कोकमाच्या बियांतून निघतं ते कोकम तेल, थंडीत टाचांना लावायचं, तेच.

कुठली चांगली? डोळे झाकून चाखल्यावर आमचे अकरापैकी सहा जण आपल्याकडच्या बाजूने होते. पाकीट दाखवून विचारलं तेव्हा नऊ जण लंडनच्या बाजूने. यावर उपाय प्रश्न १५ मध्ये.

७. ७० टक्के लिहिलेलं असतं ते कशाचं?

कोकोच्या बीपासून आलेल्या सगळ्याचं: कोकोचा गर (म्हणजे दळलेल्या बियांचा लगदा) आणि कोको बटर मिळून. उरलेले ३० टक्के बहुतांशी साखर. दोन कंपन्यांचं ७० टक्के सारखं कडू असेलच असं नाही, कारण एकाने बटर जास्त आणि गर कमी घातला तर चव मवाळ होते.

मिल्क चॉकलेटच्या पाकिटांवर आकडे पाहून देशांची तुलना करायची असेल तर एवढं लक्षात ठेवा: युरोपीय संघात मिल्क चॉकलेटला किमान २५ टक्के कोको लागतो, अमेरिकेत १० टक्के कोको गर पुरतो. मोजण्याची पद्धतही दोन्हीकडे वेगळी आहे, म्हणून आकड्याला आकडा लावत बसू नका.

८. नाव स्विस, पण पाकिटाच्या मागे दुसराच देश. फसवणूक आहे का?

सहसा नाही. लिंटचे कारखाने जर्मनीतल्या आखेनला आहेत आणि अमेरिकेतही. मिल्का हे नाव १९०१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पडलं, पण आज ती जर्मनीतही बनते. टॉब्लेरोनचं उदाहरण सगळ्यात मजेचं: १९०८ साली बर्नमध्ये जन्म, पाकिटावर मॅटरहॉर्नचं शिखर. उत्पादनाचा काही भाग स्लोवाकियात न्यायचं ठरलं आणि 'स्विस' म्हणवून घेण्याच्या स्वित्झर्लंडच्या नियमांमुळे २०२३ मध्ये ते शिखर पाकिटावरून उतरवावं लागलं. आपल्याकडे इटालियन किंडर जॉय बारामतीत बनतं. कुणी 'इम्पोर्टेड' म्हणून जास्त पैसे सांगितले तर आधी मागची ओळ वाचा.

कुठे बनलं आणि कोको कुठे पिकला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी पुढचा प्रश्न.

९. 'सिंगल ओरिजिन' म्हणजे काय, आणि स्वस्तात कसं अनुभवायचं?

एकाच देशातल्या, कधी एकाच मळ्यातल्या बियांचं चॉकलेट. देवगडचा हापूस आणि जुन्नरचा हापूस वेगळा लागतो, तसंच. मादागास्करचं आंबट-फळासारखं, इक्वाडोरचं फुलांच्या वासाचं, घानाचं आपल्या ओळखीचं सरळ कोकोचं.

स्वस्त मार्ग: अमूलची सिंगल ओरिजिन डार्क चॉकलेटं. पेरू, इक्वाडोर, मादागास्कर, टांझानिया असे देश, कंपनी एक, कोकोचं प्रमाणही सारखंच. त्यामुळे फरक दिसतो तो फक्त बियांचा. परदेशी वड्यांवर हजारभर रुपये घालण्याआधी हा एक रविवार कराच. आपल्या देशातली बी चाखायची असेल तर केरळ-आंध्रच्या कोकोपासून बनवणारे छोटे कारखानदार आता बरेच आहेत.

१०. वडीवर पांढरा थर आला. बुरशी आहे का?

नव्वद टक्के वेळा नाही. बोट हलकेच घासा. थर पुसला गेला, बोट चिकट झालं तर ती वर आलेली चरबी. चॉकलेट कुठेतरी गरम होऊन पुन्हा गार झालं. खरखरीत लागलं आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो पसरला तर ती साखर. चॉकलेटवर ओल धरली होती. दोन्ही खायला चालतात, चाखायला नाही. केसाळ, हिरवट असेल किंवा सुक्या मेव्यावर जाळी दिसली तर सरळ कचऱ्यात.

आपल्याकडे हा थर कंपनीच्या चुकीने क्वचित येतो. न्हावा शेवाला कंटेनर उतरला, मग गोदाम, मग टेम्पो, मग दुपारी वीज गेलेलं दुकान, मग आपली ठाणे लोकल. यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतं.

११. फ्रिजमध्ये ठेवायचं की नाही? सगळे नाही म्हणतात.

सगळे म्हणतात ते युरोपातल्या घरांचं. १६ ते १८ अंशांची कोरडी जागा तुमच्या घरात आहे का? माझ्या नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्या स्वयंपाकघरात बरणीतलं खोबरेल वितळतं आणि जुलैत मीठ पाझरतं. इथे फ्रिज लागतोच.

मी पहिल्या वर्षी एक चांगली बेल्जियन पेटी तशीच उघडी ठेवली, शेजारच्या वाटीत लसणाची चटणी. आठ दिवसांनी प्रालीनला जो वास येत होता त्याचं वर्णन मी करत नाही. कोको बटर वास ओढून घेतं. तेव्हापासून: चांदीचा कागद, त्यावर झिपची पिशवी, त्यावर घट्ट झाकणाचा डबा, आणि डबा दाराच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर झाकण न उघडता तासभर तसाच ठेवायचा. गार वडीला दमट हवा लागली की पाणी सुटतं आणि प्रश्न १० मधली साखर वर येते. चाखायच्या खोलीत एसी २४ वर ठेवला की पुरे.

१२. मे महिन्यातही वितळत नाही असं एक चॉकलेट मिळतं. ते जास्त चांगलं?

उलट. त्यात कोको बटरऐवजी दुसरी, जास्त तापमानाला वितळणारी चरबी असते. तोंडातही ती नीट वितळत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते. पाकिटावर 'चॉकलेट' ऐवजी 'चॉकलेटी' किंवा 'कोको कोटिंग' असं काहीतरी लिहिलेलं आढळेल. केकवर घालायला ठीक.

१३. घ्यायचं कुठून? आणि तारखा कशा वाचायच्या?

क्रॉफर्ड मार्केटमध्ये प्रकार भरपूर आणि भाव बरे, पण तिथून ठाण्याला येईपर्यंतचा प्रवास दुपारचा नको. मी हिवाळ्यात तिथे जाते, उन्हाळ्यात जवळच्या एसी दुकानातून थोडं महाग घेते. वाशीच्या बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानांतूनही बाहेरची चॉकलेटं दिसतात. माल पटापट जाणारं दुकान निवडा, धूळ बसलेलं नको.

पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असलेलं लेबल शोधा. ते नसेल तर माल कुणाच्या तरी सामानातून आलेला आहे. वाईट असेलच असं नाही, पण तक्रार करायला कुणी नाही. एकदा मला एका दुकानात असंच लेबल तारखेच्या बरोब्बर वर चिकटवलेलं मिळालं. नखाने सोलून पाहिलं तर मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, फॉरेनचा माल असाच असतो." लेबलखाली बोट घालायची सवय तेव्हापासून लागली.

अमेरिकन पाकिटावर महिना आधी आणि दिवस नंतर असतो. ०५/०८ म्हणजे तिथे ८ मे, आपल्याला वाटतं ५ ऑगस्ट.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. बाहेरून आणलेल्यात काय बघायचं?

भारतात रीतसर आयात झालं असेल तर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. अंडं असलं तरी त्रिकोणच. नातेवाइकांनी बॅगेतून आणलेल्यावर ठिपका नसतो, तेव्हा घटक वाचा. जिलेटिन म्हणजे प्राणिजन्य, मार्शमेलोवाल्या वड्यांत हमखास. ई १२० हा किड्यांपासूनचा लाल रंग, ई ९०४ म्हणजे लाख, गोळ्यांना चकाकी देणारी. ई ४७१ दोन्हींकडून येऊ शकतो. ई ३२२ म्हणजे लेसिथिन. चॉकलेटात ते बहुतेक सोया किंवा सूर्यफुलाचं.

दारूचं वेगळं बघा. डेन्मार्कच्या आंटोन बेर्गच्या छोट्या बाटल्यांत खरी दारू असते, आणि त्या चांदीच्या कागदात इतक्या गोंडस दिसतात की मुलं आधी त्याच उचलतात. आमच्याकडे एका सात वर्षांच्या मुलीने तोंड वाकडं करून "हे औषध आहे" असं जाहीर केलं आणि सगळ्या मोठ्यांची धावपळ झाली.

उपवासाला चालतं का, हे तुमच्या सासूबाईंना विचारा. मी त्यात पडत नाही.

१५. घरच्या घरी निष्पक्ष तुलना कशी करायची?

ज्याला चाखायचं नाही अशा एकाला स्वयंपाकघरात बसवा. त्याने सगळ्या वड्या सारख्या आकारात कापायच्या, कारण टॉब्लेरोनचा त्रिकोण किंवा रिटर स्पोर्टचा चौकोन दिसला की खेळ संपला. वाट्यांच्या तळाला क्रमांक चिकटवा. एक वडी मुद्दाम दोन वाट्यांत ठेवा. जो या दोघींना वेगवेगळे गुण देतो त्याच्या बाकीच्या मतांना किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. पहिल्या वेळी मी स्वतः त्या दोन वाट्यांना ४ आणि ८ दिले होते.

१६. दुबईचं पिस्तेवालं चॉकलेट एवढं महाग आहे, घेण्यासारखं आहे का?

मूळचं दुबईतल्या फिक्स नावाच्या कंपनीचं, २०२१ पासूनचं; २०२३ च्या अखेरीस एका व्हिडिओने जगभर पोचलं. आत पिस्त्याचा लगदा, ताहिनी (वाटलेले तीळ) आणि कताइफी म्हणजे तुपात परतलेल्या केसासारख्या बारीक शेवया. आता त्याच्या नकला गल्लोगल्ली. मागे पिस्त्याचं प्रमाण वाचा. हिरवा रंग भडक आणि पिस्ता ३-४ टक्के असेल तर तुम्ही रंगाचे पैसे देताय. शेवया ताज्या असताना कुरकुरीत असतात, सारणातल्या ओलाव्याने हळूहळू मऊ पडतात. म्हणून मोठी पेटी आणून दिवाळीपर्यंत पुरवायचा बेत करू नका.

१७. जपानच्या किटकॅटमध्ये एवढं काय असतं?

तिथे ते 'किट्टो कात्सु', म्हणजे 'नक्की जिंकशील', असं ऐकू येतं म्हणून परीक्षेला जाणाऱ्या मुलांना देतात. माचावालं (हिरव्या चहाच्या पुडीचं) हिरवं किटकॅट पांढऱ्या चॉकलेटवर बेतलेलं असतं, त्याची तुलना पांढऱ्याशीच करा. होक्काइडोचं रॉइसचं नामा चॉकलेट मात्र खास आहे: भरपूर साय, वरून कोकोची पूड. ते १० अंशांच्या आतच ठेवावं लागतं, तेव्हा बर्फाच्या पिशवीशिवाय वाशीहून निघू नका.

१८. किमती एकदम का वाढल्या? वडीही छोटी झाली.

पश्चिम आफ्रिकेत पीक बिघडलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. नंतर भाव उतरले, पण पाकिटावरचे भाव खाली यायला नेहमीच आळस करतात. वडी छोटी करण्याची युक्ती जुनी आहे. टॉब्लेरोनने २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये शिखरांमधली दरी रुंद करून १७० ग्रॅमचे १५० केले होते. तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या भावाने करा.

१९. कुत्र्याला एक तुकडा दिला तर?

नको. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्याला पचत नाही. डार्क जितकं गडद तितकं जास्त धोक्याचं. चुकून खाल्लं तर किती आणि कुठलं ते सांगून लगेच पशुवैद्याला फोन करा.

२०. चाखून उरलेल्या तुकड्यांचं काय करता?

पांढरे पडलेले, अर्धे वाकलेले, नऊ देशांचे, सगळे एका बरणीत. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी कपभर दुधात मूठभर टाकून मंद आचेवर ढवळायचं, चिमूटभर मीठ आणि किंचित जायफळ. लसणाच्या चटणीशेजारची ती पेटी मात्र यात घातली नव्हती.